सा-ग-प च्या पलीकडे : मुंबईचा जॅझ, गोव्याचे वादक आणि विस्तारित कॉर्ड

#थ्रेड

१/ १९३५ च्या हिवाळी हंगामात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद दाखल झाला. त्याच्यामागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले आणि त्यांच्या वृंदातील टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादकही. नृत्यदालनात येणाऱ्या संस्थानिकांना व गोऱ्या अधिकाऱ्यांना ही केवळ करमणूक होती. शहरातील गोवेकर वादकांसाठी मात्र ती पाठशाळा ठरली. पुढच्या काळात हिंदी चित्रपटगीतांना स्वरांचे जे दाट अस्तर लाभले, त्याचा एक धागा या पाठशाळेपर्यंत मागे नेता येतो. त्या धाग्याचे नाव विस्तारित कॉर्ड.

२/ कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसंघात. सर्वांत साधा संघात तीन स्वरांचा : सा, ग, प. सप्तकातला एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा, एवढाच त्याचा नियम. मग पंचमावरच का थांबायचे? हाच नियम पुढे चालवला की पंचमानंतर निषाद येतो. तो सातवा स्वर, म्हणून ‘सेव्हन्थ’. त्यापुढे तार सप्तकातला रिषभ, मुळापासून नववा, म्हणून ‘नाइन्थ’. मग मध्यम, ‘इलेव्हन्थ’. शेवटी धैवत, ‘थर्टीन्थ’. सा-ग-प-नी-रे-म-ध : एक आड एक पायरी चढत गेलो की सातही स्वर एकाच संघातात येऊन बसतात. तेरा या आकड्याचे गूढ इतकेच आहे. पंधरावा स्वर पुन्हा षड्जच असतो.

३/ यात एक अडचण आहे. शुद्ध गंधारावर शुद्ध मध्यम ठेवला की दोघांत अर्ध्या स्वराचे घर्षण होते आणि कॉर्ड गढूळ ऐकू येते. जॅझवादकांनी शोधलेला उपाय मराठी श्रोत्याला घरचा वाटावा : मध्यम तीव्र करायचा. सा-ग-प-नी-रे-तीव्र म-ध. हे यमनचे सात स्वर झाले. कोमल गंधार व कोमल निषाद घेऊन हाच मनोरा रचला तर काफी थाटाचे सात स्वर मिळतात. शुद्ध गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल निषाद घेतला तर वाचस्पतीचे.

४/ म्हणून ‘कॉर्ड ही परकी, राग आपला’ अशी सरळ वाटणी करता येत नाही. द्रव्य एकच आहे, मांडणी निराळी. राग स्वरांना काळात पसरवतो, कॉर्ड त्यांना एका क्षणात उभे करते. या दोन मांडण्यांचा मेळ घालण्याचे काम मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत ज्यांच्या वाट्याला आले, त्यांची नावे अनेकदा चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही नसत.

५/ गोवेकर वादकच या कामी का आले, याचे उत्तर गोव्याच्या चर्चशाळांत आहे. पोर्तुगीज काळातील या पॅरिश शाळांतून ‘मेस्त्र’ गावातल्या मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरवाचन, आणि व्हायोलिन शिकवत. हेतू धार्मिक होता : चर्चमधील गायनवादन नीट व्हावे. परिणाम मात्र असा झाला की एका लहानशा प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी वाचणारे वादक निपजत राहिले. उपजीविकेसाठी ते ब्रिटिश हिंदुस्थानात आले. लष्करी बँड, मूकपटांची थिएटरे, संस्थानिकांचे वाद्यवृंद, हॉटेले, जिथे काम मिळेल तिथे वाजवू लागले. मुंबईत धोबी तलावच्या परिसरात त्यांचे ‘कूड’ होते. गावागावांच्या या सामायिक बिऱ्हाडांत खाट आणि पेटारा ठेवायला जागा मिळे. स्वरलिपीचे कागद व वाद्ये विकणारे फुर्तादोंचे १८६५ साली स्थापन झालेले दुकानही याच भागातले.

६/ ऐन खुबी पुढे आहे. नृत्यसंगीताच्या छापील कागदावर कॉर्डचे नाव असते. तिचे स्वर कोणत्या बोटाने, कोणत्या सप्तकात, कोणत्या क्रमाने वाजवायचे, हे बहुधा नसते. ‘नाइन्थ’ एवढे लिहिलेले असले तरी पाच स्वर दहा बोटांत कसे वाटायचे, कोणता गाळायचा, कोणता वर ठेवायचा, हे वादकाने ठरवायचे. या वाटणीला पाश्चात्त्य वादक ‘व्हॉइसिंग’ म्हणतात. चर्चशाळेत शिकलेला वादक कागदावरचे सारे वाचू शकत होता. हे कागदावर नव्हतेच. ते कानाने, तबकड्यांवरून, आणि शेजारी बसलेल्याच्या हाताकडे पाहून घ्यावे लागे. म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा हा भाग आपल्या घराण्यांतील तालमीसारखाच शिकला गेला.

७/ वेदरफोर्ड यांचे महत्त्व इथे कळते. १९०३ साली जन्मलेले वेदरफोर्ड शिकागोत एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात नाव कमावून १९२६ मध्ये पूर्वेकडे निघाले. शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता अशी त्यांची पुढची वाट. त्यांचा डावा हात ‘स्ट्राइड’ शैलीचा : एका मात्रेला खर्जातला मूळ स्वर, पुढच्या मात्रेला मधल्या सप्तकातली कॉर्ड, पुन्हा खर्ज. एकच हात दोन वादकांचे काम करी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवीत होते. एप्रिल १९४५ मध्ये पटकीने त्यांचे तिथेच निधन झाले. वय ४१. शिकागोतल्या त्यांच्या समकालीनांवर ग्रंथ निघाले; त्यांच्या हातचे बरेच काही आशियातील वादकांच्या हातांतच मुरून गेले.

८/ या कॉर्डना आपल्याकडे वाद्यच नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. पेटी होती, परंतु हातपेटीवर डावा हात भात्यात अडकलेला. उरलेल्या पाच बोटांवर सुरावट वाजायची. संगीत नाटकांत पायाने वारा भरायचा ऑर्गन होता आणि त्यावर दोन्ही हात मोकळे होते; तरी दुसरा हात प्रामुख्याने त्याच सुरावटीला खालच्या सप्तकात जोड देई किंवा आधारस्वर धरी. त्यात उणीव काहीच नव्हती. बालगंधर्वांच्या गाण्यामागे उभे राहायला तेवढेच हवे होते. त्यातच १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. बारा ठरीव स्वरांचे, मींड न निघणारे हे वाद्य रागाला मारक, असा आक्षेप होता. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. एकीकडे सरकारी ध्वनिक्षेपणातून सुरांची पेटी हद्दपार, तर दुसरीकडे त्याच शहरातल्या ध्वनिमुद्रणशाळांत पियानोवर नाइन्थ आणि थर्टीन्थ. इतिहासाला अशा विसंगतींची हौस असते.

९/ हॉटेलातला जॅझ चित्रपटांत शिरण्यामागे एक कारण कायद्याचेही होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्रींचे अर्थकारण कोसळले. ब्रिटिश ग्राहक गेलेच होते, संस्थानेही विलीन झाली होती. त्याच सुमारास चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होऊ लागले होते आणि तिथे स्वरलिपी झरझर वाचणारे वादक हवे होते. ते सारे धोबी तलावला उपलब्ध होते.

१०/ या संगमाचे मराठी नाव सी. रामचंद्र. पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकले आणि चित्रपटसृष्टीत पेटीवादक म्हणूनही वावरले. त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो शावियेर वाझ (१९१६–१९६७). लुई आर्मस्ट्राँगची छाप असलेले ट्रम्पेटवादक. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. पाहणाऱ्यांना भगवानदादांचे नाचणे आठवते. त्या नाचाखाली पितळी वाद्यांच्या गटाने धरलेले जाड, चार-पाच स्वरी संघात कानावर पडतात. ते ताजच्या नृत्यदालनातून आलेले आहेत.

११/ कामाची रीत ठरलेली होती. संगीतकार पेटीवर बसून चाल गाई. अरेंजर ती स्वरलिपीत उतरवी, तिच्याखाली कॉर्ड बसवी, मधल्या जागांसाठी वाद्यमेळ रची आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिही. ध्वनिमुद्रण संपले की त्या कागदांना किंमत उरत नसे. फारच थोडे जपले गेले. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदामागे अशी लेखणी सेबॅस्टियन डिसोझा यांची होती. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात स्वतःचा वृंद चालवीत. चाल कोणाची, याचा निवाडा सोपा असतो. चालीखाली उभा केलेला नाइन्थ कोणाचा, हे विचारायची पद्धतच नव्हती. श्रेयाचा हा प्रश्न पुढे संशोधकांनी उकरून काढला, तेव्हा अनेक वादक वृद्ध झाले होते वा गेले होते.

१२/ आता खरा पेच. रागाधारित चालीखाली कॉर्ड घालायची तर कोणती? साधी त्रिस्वरी कॉर्ड फार ठाम बोलते. चाल रिषभावर किंवा धैवतावर रेंगाळत असेल आणि खाली सा-ग-प ठणकावून वाजत असेल, तर तो स्वर उपरा वाटू लागतो, आणि जणू त्याने लवकर सा वा प गाठावा अशी घाई खालून सुरू होते. विस्तारित कॉर्डमध्ये रिषभ आणि धैवत आधीच सामील असतात. त्यांना तिथे ठाण मांडायला मुभा मिळते. राग आणि हार्मनी यांच्या भांडणात कॉर्ड जितकी साधी तितकी ती रागाला अधिक जाचक, हे उलटे वाटणारे सत्य वादकांच्या हाताला आधी उमगले.

१३/ भूप घ्यावा. सा, रे, ग, प, ध. जॅझमध्ये गाणे संपवताना पियानोवादक ज्या कॉर्डवर हमखास विसावतात ती ‘सिक्स-नाइन’ : सा-ग-प-ध-रे. स्वर तेच पाच, एकही वर्ज्य स्वर नाही. मालकंस घ्यावा. सा, म, कोमल नी, कोमल ग, कोमल ध असे चौथ्या-चौथ्या स्वरावर उड्या मारत रचले की पाचही स्वर एका ओळीत बसतात आणि चौथ्यांची कॉर्ड तयार होते. अमेरिकेत मॅकॉय टायनर यांनी १९६० च्या दशकात जिचा पियानोवर धडाका लावला, ती याच जातीची. मालकंसाला तानपुरा मध्यमात लावतात, हे जाणणाऱ्याला ही रचना ऐकताच पटावी.

१४/ परंतु इथेच कॉर्डची मर्यादाही उघडी पडते. भूपाचे जे पाच स्वर, तेच देशकाराचे. भूप गंधाराला मानतो, देशकार धैवताला. एकाचा चेहरा पूर्वांगात, दुसऱ्याचा उत्तरांगात. सिक्स-नाइन कॉर्डला हा भेद सांगता येत नाही. तिच्यात पाचही स्वर एकदमच उभे असतात, आणि कोण आधी, कोण नंतर, कोणावर थांबायचे, कोणाला नुसते शिवायचे, हे सारे पुसले जाते. रागपण तर त्यातच असते. म्हणून चांगल्या अरेंजरचे कसब कॉर्ड कुठे वाजवू नये हे जाणण्यात होते. गायक स्वर लावत असताना वाद्यमेळ मागे सरतो, आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत भरून येतो. ही शिस्त आळसातून आलेली नव्हती.

१५/ या पेचाला उघडपणे भिडलेला माणूस म्हणजे अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्यात १९२७ साली जन्म, १९४३ मध्ये मुंबईत आगमन, नौशाद यांच्या वृंदात व्हायोलिन. इतर वादक रागसंगीताला पोटापाण्याचे काम समजत असताना ते हिंदुस्थानी संगीत रीतसर शिकले. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात रागांवर आधारित स्वतःच्या वाद्यरचना सादर केल्या; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. हा प्रयोग पाश्चात्त्य अभिजात वाद्यमेळाच्या अंगाने होता, जॅझच्या नव्हे. प्रश्न मात्र तोच होता. १९६५ मध्ये ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत पुन्हा रमले नाहीत. शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून त्यांच्या नावाला मानवंदना दिली. देशभर लोक ते नाव गुणगुणले. बहुतेकांना ते काल्पनिक वाटले.

१६/ १९५८ हेच वर्ष जॅझच्या बाजूनेही मोलाचे. अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यावर पियानोवादक डेव्ह ब्रूबेक मुंबईत आले. इथे त्यांची गाठ पडली एडवर्ड साल्दान्हा ऊर्फ डिझी साल या तरुण पियानोवादकाशी. रंगूनमध्ये जन्मलेला हा गोवेकर मुलगा पुढच्याच वर्षी बोस्टनच्या बर्कली शाळेत शिकायला गेला. जे ज्ञान तोवर हॉटेलच्या पियानोवरून डोळ्यांनी टिपावे लागे, ते शिकवणारी संस्था एव्हाना अमेरिकेत उभी राहिली होती. कॉर्डला वर्गखोली मिळाली होती.

१७/ त्या वर्गखोल्यांत काय शिकवले जाते, ते पेटीवरही पडताळून पाहता येईल. जॅझमधील सर्वाधिक वापरातला क्रम तीन कॉर्डचा : रिषभावर उभी असलेली मायनर, मग पंचमावरची, मग षड्जाची. डिझी साल बोस्टनला गेले त्याच सुमारास बिल एव्हान्ससारख्या वादकांनी एक युक्ती रूढ केली. बास वाजवणारा सोबती खर्जातला मूळ स्वर देतोच आहे, तर पियानोवादकाने तो वाजवूच नये.

१८/ पहिली कॉर्ड : मध्यम, धैवत, तार षड्ज, तार गंधार. दुसरी : मध्यम, धैवत, निषाद, तार गंधार. तिसरी : गंधार, पंचम, निषाद, तार रिषभ. पहिलीतून दुसरीत जाताना एकच बोट हलते, षड्जावरून निषादावर. दुसरीतून तिसरीत जाताना निषाद जागच्या जागी राहतो, बाकीचे तिघे एकेक पायरी खाली उतरतात. खर्जात कोणी क्रमाने रे, प आणि सा धरला की ऐकणाऱ्याला नाइन्थ, थर्टीन्थ आणि पुन्हा नाइन्थ अशा तीन भरघोस कॉर्ड ऐकू येतात. वाजवणाऱ्याचा पंजा जेमतेम हललेला असतो. (तानपुरा बंद ठेवावा. अखंड षड्जाखाली मुळे सरकल्याचा भास होत नाही.)

१९/ सराव करताना दोन स्वरांवर नजर ठेवायची : प्रत्येक कॉर्डच्या मुळापासून तिसरा आणि सातवा. कॉर्डची ओळख तेच सांगतात. पाचवा बहुतेक वेळा गाळला तरी चालतो. नववा आणि तेरावा हे रंग. आधी हे दोनच स्वर डाव्या हाताने तिन्ही कॉर्डमधून चालवावेत, कान स्थिरावला की रंग चढवावेत. मग हाच क्रम बाराही पट्ट्यांत. इथे नवशिका घाबरतो, पण आपल्या पेटीवादकांना हे भय नसावे. एका गायकाला काळी एक, दुसऱ्या गायिकेला काळी चार, तिसऱ्याला पांढरी पाच. साथीला बसणारा हात पिढ्यान्‌पिढ्या षड्ज हलवत आला आहे. दिघी-भोसरीतल्या सदनिकेत रात्री हेडफोन लावून की-बोर्डवर बसणाऱ्या मुलाला हे तीन संघात आज फुकट मिळतात. त्याच्या साथीदार आजोबांची पट्टी बदलायची सवय मात्र कोणत्याही यंत्रातून उतरवून घेता येत नाही.

२०/ चित्रपटातला पियानो हा वेगळाच प्रकार. ‘अंदाज’ (१९४९) पासून ‘संगम’ (१९६४) पर्यंत मेजवानीत दुखावलेला नायक पियानोशी बसतो. बोटे एका दिशेला, स्वर दुसऱ्या. प्रत्यक्ष वाजवणारे हात कुणाचे, हे प्रेक्षकाला ठाऊक नसे. लुसिला पाचेको या त्यांपैकी एक : हॉटेलातल्या जॅझमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत पियानो वाजवणारी गोवेकर स्त्री. पुरुषांनी भरलेल्या त्या वाद्यवृंदांत बाईने पियानोशी बसणे तेव्हा सोपे नसणार.

२१/ पुढची पिढी बाहेरून आली. १९४१ साली दार्जिलिंगला जन्मलेले लुई बँक्स हे ट्रम्पेटवादकाचे पुत्र. कलकत्त्याच्या ब्लू फॉक्समध्ये नाव मिळवून, राहुलदेव बर्मन यांच्या बोलावण्यावरून ते मुंबईत आले. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि ते यांनी रागांचा मागोवा घेणारा जॅझ वाजवला. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, तेव्हा सॉनी रोलिन्स यांच्यासारखे वादक इथे येऊन वाजवून गेले. पण तोवर ध्वनिमुद्रणशाळांत नवे वारे वाहू लागले होते. सिंथेसायझर आला, आणि थोड्याच वर्षांत शंभर वादकांचे काम एक की-बोर्ड करू लागला. दिवसाच्या मजुरीवर जगणारे व्हायोलिनवादक घरी बसले.

२२/ त्या की-बोर्डवर एक कळ दाबली की तयार नाइन्थ वाजतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांतला नाइन्थ मात्र नीट कान देऊन ऐकावा. एक व्हायोलिन किंचित उशिरा येते, पितळी वाद्यांतला सातवा स्वर जरा जोरात असतो, पियानोतला मूळ स्वर गाळलेला असतो, कारण तो बास वाजवणाऱ्याकडे आहे. कागद रद्दीत गेले असले तरी प्रत्येक स्वर कोणत्या वादकाला दिला होता, हे ऐकून अजून लिहून काढता येते. काही तरुण अरेंजर आज तेच काम करीत आहेत : एकेका गाण्याची तबकडी पुन्हापुन्हा लावून, चार ओळींच्या स्वरलिपीसाठी अख्खी दुपार घालवून.